पावसाळा ते उन्हाळा, फुल फेस हेल्मेट रोज वापरून: फिटिंग, चष्मा, आई आणि सक्तीचा वाद

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर फुल फेस हेल्मेट घेतलं, तेव्हापासून कोथरूड ते हिंजवडी रोज आणि मधेमधे ताम्हिणी असा वापर झालाय, आता उन्हाळा संपत आला म्हणून सविस्तर लिहितोय. हा कुठल्या एका कंपनीचा रिव्ह्यू नाहीये, फुल फेस हा प्रकारच पुण्याच्या ट्रॅफिकमधे कसा पडतो त्याबद्दल आहे. आपल्याकडे हेल्मेटचा विषय निघाला की फिटिंगबद्दल कोणी बोलत नाही, लगेच सक्ती विरुद्ध स्वातंत्र्य सुरू होतं, आणि मला आता ठाम वाटायला लागलंय की निम्मं भांडण चुकीच्या साइजमुळे आहे.

दुकानात जायच्या आधी भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. घातल्यावर गाल दाबले गेलेच पाहिजेत, बोलताना गाल दाताखाली येतोय असं वाटलं तरी चालेल, पॅड काही आठवड्यांत बसतात. कपाळावर मात्र एकाच जागी टोचत असेल तर ते नंतरही टोचणार, दुसरं मॉडेल बघा. मग पट्टा लावून हेल्मेट मागच्या बाजूने वर ढकलून बघा, पुढे निघून आलं तर मोठं आहे. बरेच दुकानदार "सैल घ्या साहेब, हवा खेळती राहते" म्हणून एक साइज मोठं गळ्यात मारतात. सैल हेल्मेटमधे वारा शिरतो, ते डोक्यावर हलत राहतं, आपण नकळत मान ताठ धरतो, आणि मग मान दुखते म्हणून ते आरशाला लटकतं.

मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, ही कारणं पुण्यात वर्षानुवर्षं ऐकतोय. 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधात रॅली निघाली होती, लोक पुणेरी पगडी घालून गाडीवर बसले होते. माझा अनुभव सांगतो. हॉर्न व्यवस्थित ऐकू येतो, उलट साठच्या पुढे कानातला वाऱ्याचा घोंघाट कमी झाल्यामुळे मागच्या ट्रकचा आवाज जास्त कळतो. बाजूचं बघायला मान वळवावी लागते, पण लेन बदलताना ती तशीही वळवायलाच हवी ना. उकडतं मात्र खरंच, एप्रिलमधे दुपारी सिग्नलला उभं राहिलं की कुठलेही व्हेंट काही करत नाहीत, घाम थेट डोळ्यात.

पावसात काचेवर वाफ धरते हा खरा त्रास. नवले पुलाच्या उतारावर काच धुरकटली तर जीव मुठीत येतो, शेवटी मी पिनलॉकची, म्हणजे मुख्य काचेच्या आतून बसणारी, वाफ न धरणारी काच बसवून घेतली आणि प्रश्न जवळजवळ संपला, हेल्मेट घेताना त्याची सोय आहे का नक्की बघा. चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच ट्रायल घ्या, काडी पॅडमधून सरळ गेली पाहिजे. आतलं कापड निघणारं हवं, मी साध्या शाम्पूने धुतो, नाहीतर जुलैमधे वास सहन होत नाही. काळी काच रात्री अजिबात नको.

आता आई. मागे बसताना तीही हेल्मेट घालते, पण अंबाड्यावर ते बसेना, वर उचललेलं राहायचं. आता ती बाहेर पडायच्या आधी अंबाडा सोडून मानेपाशी सैल वेणी घालते आणि हेल्मेट नीट खाली उतरतं. केंद्राच्या अहवालात 2022 सालचा आकडा आहे, हेल्मेट नसलेले 50,029 जण दुचाकीच्या अपघातांत दगावले, त्यातले 14,337 मागे बसलेले. तिच्या पायाशी जो साडी गार्ड आहे तोही नियमानेच आलाय, 1989 च्या मोटार वाहन नियमांत मागच्या चाकावर कपड्यांसाठी संरक्षण बंधनकारक आहे, पण साडी गार्डची सक्ती नको म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या सोसायटीतले एक काका पार्किंगमधे रोज म्हणतात, "अरे डोकं माझं, मर्जी माझी, सरकारला काय करायचंय?" मी त्यांना म्हटलं, काका, तुमचा मुद्दा मला पटतो अर्धा. अमेरिकेत मिशिगनने 2012 मधे एकवीस वर्षांवरच्यांना सूट दिली, पण किमान 20,000 डॉलरच्या वैद्यकीय विम्याची अट घातली. म्हणजे मर्जी तुमची तर खर्चाची सोयही थोडीफार तुम्ही करा. आपल्याकडे तो भार घरच्यांवर आणि सरकारी हॉस्पिटलवर येतो. आणि जिथे खरं कारण आहे तिथे आपला कायदाही मोकळीक देतोच, कलम 129 मधे पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे.

बाइकवाल्याचं स्वातंत्र्य खरंच कुठे जातं बघायचं असेल तर सी लिंकवर, अटल सेतूवर, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बघा, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही, टॅक्स भरूनसुद्धा. त्यासाठी रॅली निघाली तर मी हेल्मेट घालून सगळ्यात पुढे असेन.

सक्तीवर माझी तक्रार वेगळीच आहे. सिग्नलला बघतात ते फक्त डोक्यावर काहीतरी आहे का एवढंच. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला पातळ टोप्या सर्रास मिळतात आणि त्या घातलेल्याला कोणी अडवत नाही. खरं काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचं असतं, तो चेपून धक्का खातो, तोही एकदाच, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी बदलायचं. फुल फेसमधे हनुवटी आणि जबडाही झाकला जातो, हाफमधे तो उघडाच. घेताना आयएसआय मार्कखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात, आणि नंबर जुळला नाही तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी तिथून घेऊ नका.