नौपाड्यातल्या दुकानातला पाच फ्रँक : नाणं अस्सल, चकाकी नको होती

नौपाड्यातल्या एका छोट्या दुकानातून घेतलेलं फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचं पाच फ्रँकचं चांदीचं नाणं, साल 1868. मागच्या बाजूला BB, म्हणजे स्ट्रासबर्गची टांकसाळ. पॅरिसची असती तर A.

1803 च्या कायद्याने एक फ्रँक म्हणजे 900 कसाची (हजारात 900 भाग शुद्ध) 5 ग्रॅम चांदी ठरली, सोन्याशी भाव एक भाग सोन्याला 15.5 भाग चांदी असा. म्हणून हे नाणं 25 ग्रॅमचं, 37 मिलिमीटरचं, आत शुद्ध चांदी 22.5 ग्रॅम. 1860 च्या दशकात फ्रान्सने सुट्ट्या नाण्यांचा कस 835 वर उतरवला, पाच फ्रँक मात्र 900 वरच ठेवलं. जुन्या चांदीच्या चाहत्याने हेच घ्यावं.

दुकानदार तपासू देतात, ही मोठी जमेची बाजू. वजन 24.8 ग्रॅम भरलं, घासलेल्या नाण्याला एवढी घट चालते. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं धरा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर 2.4 ग्रॅमच्या आसपास आलं तर चांदी बरोबर. 2.8 आलं तर आत पितळ किंवा तांबं. कडेवरची DIEU PROTEGE LA FRANCE ही उठावाची अक्षरं नखाला लागली पाहिजेत. ओतीव नकलेत ती बोथट येतात आणि कडेला सांधा दिसतो.

खटकलं ते एवढंच की नाणं पावडरीने घासून चकचकीत केलंय. भिंगाखाली नेपोलियनच्या गालावर बारीक समांतर ओरखडे दिसतात, ते आता जाणार नाहीत. असं नाणं चांदीच्या भावापेक्षा फार वर घेऊ नये. काळपट, न घासलेलं आहे का, ते आधी विचारा.