खाली बसवलेल्या सिविकला कॅम्बर प्लेट घ्यायची की बोल्टवर भागेल?

गाडी लोअर केली की दोन-तीन महिन्यांत टायर आतून खायला लागतो आणि मग गॅरेजवाल्यापासून मित्रापर्यंत सगळे एकच सांगतात, कॅम्बर प्लेट टाक. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललेलं आहे ते, वरचा भाग आत गेला की तो उणे, म्हणजे निगेटिव्ह. माझी एफडी सिविक आहे, 2006 ला आपल्याकडे आली ती 1.8 आय-व्हीटेक, 35 मिमी खाली बसवलेली, रोज पुण्यातल्या रस्त्यावर चालते आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी होते. बोल्ट मी स्वतः वापरलेत, प्लेट जवळच्या मित्राच्या गाडीत जवळून बघितल्यात, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या गाडीसाठी आहे, शोसाठी चाकं तिरकी करायची असतील तर त्याचा हिशोब वेगळा.

पैसे काढायच्या आधी एक करा. हाताचा तळवा टायरच्या ट्रेडवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर तो टो आहे (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते), कॅम्बर नाही. गाडी खाली गेली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो बिघडतो, आणि टायर सगळ्यात जास्त खातो तो टोच, उणे एक-सव्वा अंशाच्या कॅम्बरने टायर लगेच संपत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी लोक प्लेट शोधत असतात त्यातलं बरंचसं नुसत्या अलाइनमेंटमध्ये बरं होतं. आतली कड सपाट, गुळगुळीत झिजलेली असेल तरच पुढचं वाचा.

आता बोल्ट. सिविकमध्ये पुढचा शॉकअप नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टने धरलेला असतो, त्यातला एक काढून त्या जागी मधे बारीक आणि एका बाजूला फुगीर असा बोल्ट टाकायचा, तो फिरवला की चाकाचा वरचा भाग आत-बाहेर होतो. साधारण दीड अंशापर्यंत फरक पडतो, किंमत प्लेटच्या मानाने अगदीच किरकोळ, आणि टॉप माउंटचं मूळ रबर जागेवर राहतं म्हणून आवाज अजिबात वाढत नाही. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली, वरच्या बोल्टने निगेटिव्ह कॅम्बर वाढवला की टायर शॉकअपच्या जवळ सरकतो, माझ्या 205 च्या टायरमध्ये आणि शॉकअपमध्ये आधी आरामात बोट जायचं, बोल्टनंतर एटीएम कार्ड जेमतेम गेलं. रुंद टायर किंवा जास्त ऑफसेटची (जास्त आत बसणारी) चाकं असतील तर हे आधी मोजाच. दुसरी, बोल्ट बारीक असल्यामुळे तो घसरू शकतो. पावसाळ्यात एक पाण्याने भरलेला खड्डा जोरात बसला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी उजवीकडे ओढायला लागली, मशीनवर लावली तर डावं चाक उणे 1 अंश 15 मिनिटांवरून उणे 2 अंश 5 मिनिटांवर गेलेलं. चूक बसवण्यात होती, टॉर्क रेंच न लावता अंदाजाने आवळलेलं. नवीन नट घालून, बोल्टच्या पाकिटावर लिहिलेल्या टॉर्कलाच आवळून घेतलं आणि डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, रेघ हलली की लगेच कळतं. तेव्हापासून एकदाही हलला नाही.

काही गॅरेजमध्ये बोल्ट विकत घेण्याऐवजी शॉकअपचं भोकच ग्राइंडरने लांबट करून देतात. ते कृपा करून करू नका, तिथे नुसत्या घर्षणावर चाक उभं राहतं.

प्लेटचं काम वरून होतं. टॉप माउंट काढून त्या जागी सरकणारी प्लेट येते, शॉकअपचं डोकंच आत सरकतं आणि चाक शॉकअपसकट कलतं, म्हणून टायर आणि शॉकअपमधली जागा तशीच राहते, रुंद टायरवाल्यांसाठी हा खरा फायदा. ज्या गाड्यांमध्ये शॉकअप नकलमध्ये वरून घुसून एकाच क्लॅम्पने आवळलेला असतो, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्या तशा आहेत, तिथे असा बोल्ट बसतच नाही, तिथे प्लेटचाच विचार करावा लागतो. काही प्लेट मागे-पुढेही सरकतात, त्याने कॅस्टर (बाजूने बघताना चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कल) वाढतो, स्टिअरिंग वळणातून स्वतःहून सरळ येतं आणि वळताना बाहेरच्या चाकाला हवा तेवढा कॅम्बर आपोआप मिळतो, घाटात हे हाताला कळतं.

पण प्लेटमध्ये दोन जाती आहेत आणि निवड खरी इथेच आहे. पिलोबॉलवाली, म्हणजे रबर काढून त्या जागी लोखंडी गोल बेअरिंग. स्टिअरिंग एकदम नेमकं होतं, मित्राची गाडी चालवली तेव्हा पहिल्या वळणातच फरक जाणवला होता. पण त्याच गाडीत एका पावसाळ्यानंतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर टक टक सुरू झालं, उघडलं तर बेअरिंगमध्ये लाल चिखल आणि बोटाने हलवला तरी खेळ. तिथे धक्का खायला रबरच नाही, तो सरळ बॉडीत जातो. दुसरी रबर किंवा पॉलियुरेथेन बुशवाली, नेमकेपणा थोडा कमी, पण आवाज खूपच कमी आणि आपल्या धुळीत-पाण्यात जास्त टिकते. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला) जात असाल, उणे अडीच-तीन अंश लागणार असतील तर पिलोबॉल घ्या, रोज ऑफिसला जायचं असेल तर मी तरी कोणालाही पिलोबॉल सुचवणार नाही.

प्लेट घेताना जाडी विचारा, प्लेट मूळ माउंटपेक्षा पातळ-जाड असली की गाडीची उंची आणि शॉकअपचा प्रवास बदलतो. स्प्रिंग मूळ मापाची रुंद असेल तर प्लेटसोबत तिची वरची सीट येते का तेही बघा, नाहीतर आत सरकवल्यावर स्प्रिंग टॉवरला घासते. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट) लावले असतील तर आधी बॉनेट उघडून बघा, बऱ्याच सेटमध्ये प्लेट आधीच बसवून येते आणि लोक वर दुसरी शोधत बसतात. प्लेटवरच्या खुणा अंश नसतात, त्या फक्त दोन्ही बाजू सारख्या ठेवायला.

मागच्या चाकांना सिविकमध्ये यातलं काहीच लागू होत नाही. मागे मल्टीलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मनी धरलेलं असतं, आणि लोअर केल्यावर कॅम्बर पुढच्यापेक्षा मागेच जास्त वाढतो. मागचे टायर खाण्याची तक्रार या पिढीत स्टॉक गाड्यांनाही होती, अमेरिकेत होंडाने त्यासाठी मागचे अप्पर आर्म बदलून दिले होते. तेव्हा बजेट एकाच गोष्टीचं असेल तर मागचे ॲडजस्टेबल आर्म आधी, पुढची प्लेट नंतर. स्विफ्टसारख्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमला जोडलेल्या) गाडीला मागे उतरती शिम प्लेट लागते, चाकाच्या स्टब आणि बीमच्या मधे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ स्पेसिफिकेशन बदलण्याविरुद्ध आहे, ते लोअर करतानाच लक्षात घ्यायला हवं.

माझ्या गाडीत आज पुढे बोल्ट, उणे 1 अंश 15 मिनिटं, टो जवळपास शून्य, मागे आर्म. 205 च्या जागी 225 टायर टाकायचे ठरले तर मी बुशवाली प्लेट घेईन, नाहीतर नाही.

काहीही बसवा, कॅम्बर हलवला की टो हलतोच, त्यामुळे आधी कॅम्बर आणि शेवटी टो, याच क्रमाने करून घ्या. अलाइनमेंटला जाताना टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, आणि जमलं तर ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं. रिपोर्टवर 1°30' म्हणजे दीड अंश, 1.3 नाही, 60 मिनिटांचा एक अंश असतो, हे ऑपरेटरशी बोलताना डोक्यात ठेवा. प्रिंट मागून घ्या आणि 500 किमीनंतर परत लावा, तेव्हा दोन कागद शेजारी ठेवून बघता येतात.