ओबीडी पोर्टला कायमची जोडणी: वाय-केबल की मागून सोल्डर?
गाडीच्या ओबीडी पोर्टमधून (तपासणीसाठीचं सॉकेट) लॅपटॉप ईसीयूला (इंजिनचा संगणक) कायमचा जोडायचा तर आमचं मत वाय-केबलच्या (एका तोंडाची दोन तोंडं करणारी केबल) बाजूने. मूळ वायरिंग शाबूत राहतं, एक तोंड मेकॅनिकच्या स्कॅनरसाठी मोकळं. अडचण १६ नंबरच्या पिनची: गाडी बंद असली तरी तिथे १२ व्होल्ट असतात आणि पोर्ट आणि लॅपटॉप यांच्यामधला ॲडॉप्टर हळूहळू बॅटरी उतरवतो. त्याचा सप्लाय इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या.

पोर्टमागे ६ आणि १४ नंबरच्या कॅन वायरींना (ईसीयूंमधला संवाद वाहणारी जोडी) सोल्डर केलं तर गुडघ्याचा धक्का लागून जोडणी निसटत नाही. पण तिथून ॲडॉप्टरपर्यंत जाणारा वायरींचा फाटा ३० सेंटीमीटरच्या आत आणि पीळ दिलेलाच हवा. ॲडॉप्टरमधला १२० ओहमचा रेझिस्टर काढाच. गेटवे (पोर्ट आणि गाडीच्या नेटवर्कमधलं मध्यस्थ मॉड्यूल) नसलेल्या गाडीत बॅटरी सोडवून ६ व १४ मध्ये मोजल्यावर साधारण ६० ओहम दिसायला हवेत; ४० दिसले तर तो रेझिस्टर अजून आत आहे.