खंडाळ्याचे युवा शिबिर: मुलगी घरी परतल्यानंतरचा अभिप्राय

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील (म्हणजे चर्चमधील) तरुण मुलामुलींसाठी मे महिन्यात खंडाळ्याला भरणाऱ्या एका निवासी शिबिराला आमची धाकटी मुलगी यंदा ठाण्याहून गेली होती. पुढे थोडी तक्रारही असल्यामुळे आयोजकांचे नाव देत नाही. राहण्याची जागा स्वच्छ होती, जेवण साधे पण पोटभर होते आणि मुलींच्या इमारतीत रात्री बायका देखरेखीला असत. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अशा शिबिराचा कस बस घाट उतरल्यावर लागतो, म्हणून अभिप्रायही त्याच अंगाने देत आहे.

आयोजकांना याची जाण होती, हे मान्य केले पाहिजे. शेवटच्या दिवशीचे दुपारचे सत्र केवळ घरी परतण्याच्या विषयासाठी राखून ठेवले होते आणि त्यात मोठमोठे संकल्प करून घेण्याऐवजी प्रत्येकाला घरातले एक आणि मंडळीतले एक अशी दोनच कामे वहीत लिहायला लावली. आमच्या मुलीने ‘आजीच्या रात्रीच्या गोळ्या काढून देणे’ आणि ‘शब्बाथ शाळेत (मंडळीतल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) लहान वर्गाला मदत करणे’ असे लिहिले होते. शिबिराहून आलेली मुले पहिल्या रात्री आईवडिलांना प्रार्थनेवर व्याख्यान देतात आणि आठवडाभरात स्वतःचे ताटही उचलेनाशी होतात, हे थोरल्याच्या वेळी पाहिलेले असल्यामुळे मला ही पद्धत फार पटली. गोळ्यांचे काम अजून चालू आहे. अधूनमधून आठवण करून द्यावी लागते, ते चालायचेच.

मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले, हे योग्य झाले. परंतु ते परत दिले कळंबोलीच्या अलीकडे, धावत्या बसमध्ये. त्यामुळे ठाण्यात उतरलेली मुले माना खाली घालूनच आपापल्या बॅगा शोधत होती. तेच फोन पालकांच्या हाती दिले असते, तर निदान घरी पोहोचेपर्यंत चार गोष्टी ऐकायला मिळाल्या असत्या.

खरी उणीव गाण्यांच्या बाबतीत जाणवली. शिबिरात सकाळ-संध्याकाळ गिटार आणि ड्रमच्या साथीने हिंदी-इंग्रजी गाणी झाली, मराठी भजन एखादेच. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेला पेटी-तबल्यावर मराठी गीते म्हणतात आणि त्यांत 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या रचना आवर्जून असतात. अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाने टिळकांनी ख्रिस्तभक्तीची गीते रचली, म्हणूनच ती आजीच्या पिढीला तोंडपाठ आहेत. आमची कन्या मात्र परतल्यावरच्या पहिल्या रविवारी ‘किती संथ’ म्हणून ओठ मिटून बसली. शेवटी तोडगा काढला तो गायनवृंदाच्या प्रमुखांनी: उपासनेच्या अखेरीस शिबिरातले एक गाणे म्हणायची परवानगी, पण त्याआधी एक भजन तालासुरात बसवायचे. पेटीवर सूर शोधताना मुलांची झालेली तारांबळ पाहून ज्येष्ठ मंडळीही खुलली आणि सरावाला येऊन बसू लागली. असे काही शिबिरातच बसवून घेतले असते, तर मंडळीतल्या तरुण संघाचे काम किती सोपे झाले असते!

दुसरी तक्रार समन्वयाची आहे. पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, हा ईस्टरनंतरचा सातवा रविवार असल्यामुळे तो 10 मे ते 13 जून यांच्या दरम्यानच येतो, म्हणजे उन्हाळी शिबिरांच्याच दिवसांत. त्या उपासनेत वाचन, प्रार्थना किंवा साक्ष (स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणे) यांपैकी काही ना काही या मुलांकडे सहज सोपवता येते. परंतु कोण मुले गेली होती, त्यांनी काय करायचे ठरवले, याचा एक कागदही आयोजकांनी आमच्या पाळकांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) पाठवला नव्हता, आणि आम्ही सांगेपर्यंत उपासनेचा कार्यक्रम ठरून गेला होता.

पुढच्या वर्षी पुतण्याला याच शिबिराला पाठवण्याचा विचार आहे. ज्या मंडळीत तरुण संघ नियमित भरतो, तेथील पालकांनीही पाठवायला हरकत नाही. जेथे तो नावापुरताच आहे, तेथील पालकांनी नोंदणीपूर्वी आपल्या पाळकांशी बोलून परतणाऱ्या मुलांकडे कोणते काम देणार, हे ठरवून घ्यावे.