पोरांचा ग्रुप घेऊन बाहेर जायचंय? शोधाशोध, झाड-ओळख की मोज्यांचा खेळ

४ ते ७ वर्षांची दहाबारा पोरं घेऊन सोलापुरात विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहारात नाहीतर कंबर तलावाकडं जायचा बेत असेल तर आधी एकच बघा, बरोबर मोठी माणसं किती येणारेत.

दोघंच असाल तर शोधाशोध घ्या. यादी चित्रांची करायची, कारण निम्म्यांना वाचता येत नसतं. पीस, गुलमोहराची शेंग, मुंग्यांची रांग, असलं काहीतरी. बाकी तयारी शून्य, गर्दीला चालतं. पण पाच मिनिटांत "माझा पहिला नंबर" सुरू होतं, दिसेल ते फूल ओरबाडतात आणि धाकटी भोकाड पसरतात. म्हणून यादीत "किड्यानं कुरतडलेलं पान", "खरखरीत काहीतरी" असं टाका, मग पोरं जरा थांबून बघतात. आणि फक्त खाली पडलेलंच उचलायचं हे आधीच बजावून ठेवा.

तीनचार पोरांमागं एक मोठं माणूस मिळत असेल तर मात्र माझं मत डोळे बंद करून झाड ओळखायला. पोराच्या डोळ्यावर रुमाल बांधायचा, दोन गिरक्या, मग एका झाडापाशी नेऊन खोड चाचपायला लावायचं, परत आणून रुमाल सोडायचा आणि म्हणायचं, शोध आता तुझं झाड. कडुनिंबाच्या सालीला उभ्या भेगा असतात, करंजाची त्यामानानं गुळगुळीत, चार वर्षांच्या पोरालापण हा फरक हाताला कळतो, आणि हरायचा प्रश्नच नाही त्यामुळं रडारड कमी. बाभळीकडं नेऊ नका, काटे! बुंध्याला मुंगळे आहेत का तेही आधी बघा.

मोज्यांचा खेळ पावसाळा संपल्यावरच, गवत वाळल्यावर. बुटांवरून बाबांचे जुने मोजे चढवायचे, गवतातनं फिरायचं, कुसळं नि बिया चिकटतात, मग तेच मोजे घरी ओल्या मातीत ठेवायचे आणि काय उगवतं ते बघायचं. पोरं खूश, मोजे गेले कामातनं. गाजरगवत असेल तिथं नको, अंगाला खाज सुटते. चप्पल घालूनपण नको, सराटे आरपार जातात.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात यातलं काहीच नको हं, तिथं गप बसून काळवीट बघायचे.

मार्चनंतर कुठलाही खेळ असू दे, सोलापूरचं ऊन बघता नऊच्या आत आटपा. भाकरी आणि शेंगा चटणी सावलीत.