इंधनात निष्क्रिय वायू मिसळायचं बर्नर किट: ज्योत झकास, फ्लो कंट्रोलरचा वैताग

स्पेसिफिकेशन तुम्ही वाचलेलीच असतील, ती परत उगाळत नाही. मिसळलेल्या वायूने काजळी आणि नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) किती घटतात ते बघायला काही महिने हे किट मिथेनवर चालवतोय, इंधनात कधी नायट्रोजन, कधी कार्बन डायऑक्साइड, कधी आर्गन मिसळून. परवा सर्व्हिसवाल्यांशी चांगलंच वाजलं, म्हणून लिहायला बसलो.

बर्नरला मात्र तोड नाही. नुसत्या मिथेनची ज्योत वरच्या बाजूला पिवळी असते, तो तापलेल्या काजळीचा उजेड. कार्बन डायऑक्साइड वाढवत नेला की पिवळं टोक आक्रसत जातं आणि सगळी ज्योत निळी होते. आणखी वाढवला की तिचं बूड नळीच्या काठापासून सुटतं, मध्ये केसाएवढी काळी फट दिसते, ज्योत थरथरते आणि विझते. व्हॉल्व्ह इतका हलका आहे की फट दिसेल तिथेच ज्योत धरून ठेवता येते. हे बघायला मी अजूनही थांबतो.

आता दुखणं. फ्लो कंट्रोलर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजून ठरल्याएवढा ठेवणारं यंत्र, नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला आहे आणि पॅनेलवर वायू निवडायची सोयच नाही! असा थर्मल कंट्रोलर वायूने वाहून नेलेल्या उष्णतेवरून प्रवाह ओळखतो, म्हणून वायू बदलला की गुणक लागतो: कार्बन डायऑक्साइडला सुमारे 0.7, आर्गनला सुमारे 1.4. साबणाच्या बुडबुड्याचा मीटर लावून पाहिलं. पॅनेलवर 1 लिटर असताना कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.7 लिटर येतो, आर्गन 1.4. म्हणजे 'सारखाच प्रवाह' म्हणून तुलना करायला जावं, तर कार्बन डायऑक्साइडच्या दुप्पट आर्गन जातो.

आणि या किटचा जीव तर तुलनेतच आहे. 1500 केल्विनच्या आसपास एक मोल वायू एक केल्विनने तापवायला कार्बन डायऑक्साइडला साधारण 58 जूल लागतात, नायट्रोजनला 35, आर्गनला 21. जास्त उष्णता खाणारा वायू ज्योत जास्त थंड करतो. थर्मल नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनपासून बनणारा नॉक्स, 1800 केल्विनच्या वर जोर धरतो, त्यामुळे ज्योत जरा थंड झाली तरी नॉक्स झपाट्याने उतरतो. कार्बन डायऑक्साइड आणि आर्गन यांच्या उष्णता खाण्यात जवळपास तिप्पट फरक दिसायला हवा, पॅनेलच्या आकड्यांवर तो दीडपटसुद्धा दिसत नाही. शिकणाऱ्या मुलांनी यातून काय निष्कर्ष काढायचा?

कंपनीचं उत्तर: गुणक मॅन्युअलमध्ये दिलाय. दिलाय खरा, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. वायूनुसार कॅलिब्रेशन हवं तर पैसे वेगळे. मी देणार नाही. गुणकांची चिठ्ठी पॅनेलवर चिकटवली, काम भागतं.

सुरुवातीला मी सगळ्यांना कार्बन डायऑक्साइडच घ्या म्हणून सांगत होतो. काजळी कमी, नॉक्स कमी, आणखी काय हवं? आता तसं सांगत नाही. हा वायू पुरता निष्क्रिय नाहीच. ज्योतीतल्या हायड्रोजन अणूशी त्याची अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल बनतात. जे अणू ऑक्सिजनशी भिडून ज्वलन पुढे नेणार, ते इथेच खर्ची पडतात. ज्योत सुटायच्या बेतात आली की धुराच्या अ‍ॅनालायझरवर मोनॉक्साइड चढायला लागतो. वर सिलिंडरच्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो तो वेगळाच. रोजच्या कामाला नायट्रोजन बरा, परिणाम सौम्य असला तरी निव्वळ पातळ करण्याचा आणि थंडाव्याचा. आर्गन महाग, तो तुलनेपुरताच.

अ‍ॅनालायझरचा पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आकडाही तसाच उचलू नका. मिसळलेला वायू धुरातही उतरतो आणि त्यानेच पीपीएम थोडा खाली येतो. मिथेनएवढाच नायट्रोजन घातला तर कोरडा धूर साधारण 12 टक्के वाढतो, त्यामुळे पीपीएममधली सुमारे 10 टक्के घट फुकटची. 3 टक्के ऑक्सिजनची दुरुस्ती (जादा हवेने धूर पातळ होतो त्याचा हिशेब) लावूनही ती जात नाही. मी नॉक्स जळालेल्या मिथेनच्या किलोमागे ग्रॅममध्ये काढतो.

घ्यावं का? बर्नरसाठी जरूर घ्या. फक्त ऑर्डर देण्याआधी तिन्ही वायूंचं कॅलिब्रेशन त्याच किमतीत लेखी मागा. नंतर कोणी ऐकत नाही.