हौशी नाट्यवर्गाचे बारा शनिवार

अभिनय शिकायला म्हणून नाव घातलं आणि एकांकिका लिहूनच बाहेर पडले. दर शनिवारी दोन तास, वर्गात आम्ही 18 जण, सोळा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. ज्यांना नाटक लिहायचंय पण पहिलं पान सुचत नाही, त्यांनी अशा वर्गाला जावंच.

सुरुवातीचे तीन शनिवार नुसते खेळ. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये काम करताना जे नाट्यखेळ रचले, त्यांवर बेतलेले. कोण आहोत, कुठे आहोत, काय करतोय एवढं आपसात ठरवायचं आणि ते तोंडाने न सांगता दाखवायचं. कुणी "आपण दवाखान्यात बसलोय" असं बोललं की वर्ग घेणाऱ्या ताई लगेच टाळी वाजवून थांबवायच्या.

त्या टाळीचा अर्थ मला सातव्या शनिवारी कळला. माझा प्रवेश वाचायला घेतला होता. मुलगी घर सोडून निघालीय आणि आईच्या तोंडी मी चांगल्या नऊ ओळी घातल्या होत्या. आईचं काम निवृत्त परिचारिका असलेल्या काकूंकडे होतं. त्यांनी दोन ओळी वाचल्या, कागद बाजूला ठेवला आणि तिथे पडलेली चादर उचलली. दोन टोकं स्वतः धरली, दोन मुलीपुढे केली. दोघींनी मिळून घडी घातली. शेवटच्या घडीला हात एकमेकींना लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "किल्ली घेतलीस?"

वर्गात कुणी हललं नाही. ते माझं नववं वाक्य होतं. आधीची आठ मी तिथेच पेन्सिलीने खोडली. घरी एकटी लिहायचे तेव्हा माझी सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलायची. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते लक्षातच आलं नसतं.

तक्रार एकच, पण मोठी आहे. लेखनाला शेवटचे सहाच शनिवार, त्यात इतकी माणसं. दोघांच्या संहिता वाचायच्याच राहिल्या, त्यातली एक त्या सोळा वर्षांच्या मुलाची. तो प्रत्येक वेळी प्रती काढून आणायचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं. गट बाराचा करा, नाहीतर वाचनाला वेगळा दिवस द्या.

तरीही पुढच्या तुकडीला मी नाव घातलंय. एकांकिकेचा दुसरा खर्डा तयार आहे, काकूही येणार आहेत. त्या मुलाला मी आजच फोन केला. पहिल्या शनिवारी त्याचंच वाचन आधी घ्यायचं, असं ताईंकडून कबूल करून घेतलंय.